मोठ्या टाईपातली प्रार्थना

या घरात येऊन मला आता एक वर्ष आणि चार महिने झाले. कॅथलिक सिस्टर्सनी, म्हणजे धर्मभगिनींनी, चालवलेलं वृद्धांचं घर आहे हे. आम्ही बेचाळीस जण राहतो, सात सिस्टर्स आहेत आणि मदतीला येणारी थोडी माणसं. आलो तेव्हा मी शहात्तर वर्षांचा होतो. पत्नीला जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलीकडे राहत होतो. मुलगी आणि जावई दोघंही जिवाला जीव देणारी आहेत, पण सकाळी आठला बाहेर पडायची ती संध्याकाळी सातला घरी यायची. मधले अकरा तास कुणाशी एक शब्द बोलायचा प्रसंग येत नसे. कधी दारावरची बेल वाजली आणि बोलायला तोंड उघडलं की घसा खाकरून घ्यावा लागे, इतका आवाज बसलेला असायचा.

इथं यायचा निर्णय माझा होता. हे आधी सांगून ठेवतो, कारण वृद्धाश्रम म्हटलं की लोकांचं बोट पहिल्यांदा मुलांकडे जातं. माझ्या मुलीनं महिनाभर माझ्याशी नीट बोलणं टाकलं होतं, ती अडवत होती म्हणून.

आधी आम्ही दुसरं एक ठिकाण पाहून आलो होतो. इमारत नवी, फरशी चकचकीत, प्रत्येक खोलीत टीव्ही. हॉलमध्ये वीस-बावीस माणसं भिंतीला पाठ लावून ओळीनं खुर्च्यांत बसली होती. सकाळचे अकरा वाजले होते. कुणाच्या हातात काही नव्हतं. ‘काहीच करावं लागत नाही हो यांना, सगळं आम्ही बघतो,’ असं तिथले व्यवस्थापक अगदी मनापासून सांगत होते. ते वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळा आला. परत येताना मुलीला म्हटलं, इथं नको.

या घरात अर्ज दिला तेव्हा नेहमीची कागदपत्रं लागलीच. डॉक्टरांची तपासणी, रक्ताचे रिपोर्ट, गोळ्यांची यादी, आमच्या फादरांचं पत्र, अडीनडीला कुणाला बोलवायचं त्याची माहिती. नंतर मदर सुपिरिअरनी, म्हणजे इथल्या प्रमुख सिस्टरनी, समोर बसवून घेतलं. मला वाटलं, आजार विचारतील. त्यांनी विचारलं, ‘‘तुम्ही आयुष्यभर काय केलंत?’’ मी सांगितलं, छापखान्यात अडतीस वर्षं. आधी कंपोझिटर, खिळे म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं जुळवायचो. नंतर खिळे गेले, संगणक आले, तेव्हा मुद्रितशोधक झालो. त्यांनी ते लिहून घेतलं. पुढे म्हणाल्या, ‘‘महिनाभर राहून बघा. तुम्ही आम्हाला बघा, आम्ही तुम्हाला बघतो. नाही जमलं तर कुणीच मनाला लावून घ्यायचं नाही.’’ जे कुणी अशा घराचा विचार करत असतील त्यांना मी कळकळीनं सांगेन, की हा एक महिना मागून घ्याच. घर सोडून येणं फार मोठी गोष्ट आहे. मागे फिरायला एक दार उघडं आहे एवढं माहीत असलं, तरी माणूस निवांतपणे पुढे बघू शकतो.

बरोबर काय आणायचं, तर एका कपाटात मावेल तेवढंच. सहा सदरे, पत्नीची जपमाळ, तिचा एक फोटो आणि माझं भिंग. पितळी कडा असलेलं ते भिंग मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी घेतलं होतं.

पहिले आठ दिवस कुणी मला काही काम सांगितलं नाही. दिवस घंटेवर चालतो. सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा, अशी तीन वेळा देवदूताच्या निरोपाची घंटा होते. तेव्हा जो जिथं असेल तिथं थांबतो. भाजी निवडणारे हात थांबतात, व्हीलचेअर ढकलणारी मुलगी कॉरिडॉरमध्ये थांबते. साडेसहाला मिस्सा, म्हणजे फादरांनी चालवायची रोजची मुख्य उपासना. ज्यांना अंथरुणातून उठवत नाही त्यांच्यासाठी मिस्सेतला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे पवित्र भाकर, सिस्टर खोलीत घेऊन जातात. दहा वाजता खुर्चीवरचा व्यायाम, दुपारी विश्रांती, पाच वाजता रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना, साडेसातला रात्रीची प्रार्थना. मी सगळीकडे जायचो आणि शेवटच्या बाकावर बसायचो. सगळे चांगले वागत होते. तरी रात्री खोलीचं दार लावलं की वाटायचं, आपण पाहुणे आहोत.

नवव्या दिवशी कामं वाटून देणाऱ्या सिस्टर माझ्या टेबलाशी आल्या. त्यांच्या हातात कापडी पुठ्ठ्याची लांबट वही होती. या वहीत घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे काहीतरी लिहिलेलं असतं. मी ती पाहिली आणि चकित झालो. कुणाच्या नावापुढे ‘प्रार्थनागृहातल्या फुलांचं पाणी’, कुणाच्या ‘नॅपकिनच्या घड्या’, कुणाच्या ‘वाढदिवसाची आठवण देणं’. अंथरुणाला खिळलेल्या एका आजींच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘आजारी माणसांसाठी रोज दुपारी तीनला प्रार्थना’. सिस्टर त्यांना रोज सकाळी जाऊन नावं सांगतात; आज याला ताप आहे, त्याच्या मुलाचं ऑपरेशन आहे. आजी ती नावं ध्यानात ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी विचारतात, ताप उतरला का. त्यांना फक्त मान आणि डावा हात हलवता येतो. पण घरात कोण आजारी आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

सिस्टरनी पेन उघडलं. ‘‘काका, तुमच्या नावापुढे काय लिहू?’’

मला काही सुचेना. मग त्याच म्हणाल्या, ‘‘गुरुवारी रोझरीला बसा, आणि मग सांगा.’’

गुरुवार का, ते मला पाच वाजता कळलं. रोझरीत एकेका रहस्याचं नाव घेऊन त्यावर मनन करत दहा-दहा ‘नमो मरिया’ म्हणतात. आमच्या लहानपणी आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची अशी पाच-पाच मिळून पंधरा रहस्यं होती. आई स्वयंपाकघरातून म्हणायची आणि आम्ही ओसरीवरून उत्तर द्यायचो, अशी ती हाडांत मुरलेली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ऑक्टोबर २००२मध्ये त्यांत प्रकाशाची पाच रहस्यं घातली आणि ती गुरुवारी म्हणावीत असं सुचवलं. तेव्हा इथल्या बहुतेकांची पन्नाशी-साठी उलटलेली होती. इतर सहा दिवस ही माणसं डोळे मिटून रोझरी म्हणतात. गुरुवार आला की अडखळतात. त्या दिवशी पहिलं रहस्य, प्रभूचा बाप्तिस्मा, आठवलं. दुसरं, काना गावच्या लग्नाचं, एकानं कसंबसं सांगितलं. तिसऱ्याला सगळे गप्प. जिच्यावर पाळी होती ती बाई जपमाळेचा मणी बोटांत धरून इकडेतिकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. रहस्यं छापलेलं एक पुस्तक होतं, पण त्याचा टाईप एवढा बारीक की चष्मा लावूनही उपयोग नाही. शेवटी सिस्टरनी पुढचं सांगितलं.

रोझरी संपल्यावर मी सिस्टरकडे गेलो आणि म्हटलं, लिहा, ‘मोठ्या टाईपातली पानं’.

वाटलं तेवढं ते सोपं नव्हतं. ऑफिसातल्या संगणकावर मी पहिली पानं १६ पॉइंटात केली; पॉइंट म्हणजे छापील अक्षराचं माप. नेहमीच्या पुस्तकाच्या दीडपट म्हणजे पुष्कळ झालं, असा माझा हिशेब. पाचही रहस्यं आणि शेवटी बायबलमधला एक छोटा उतारा एकाच पानावर बसावा म्हणून ओळींमधली जागा थोडी आवळली. छापखान्यातली सवय, कागद वाया जाऊ द्यायचा नाही. पुढच्या गुरुवारी वाचनाची पाळी आमच्या बाईंची होती. बाई म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय सत्त्याऐंशी, आवाज अजून वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. वाक्य असं होतं, की तुमची सगळी चिंता देवावर टाका. बाईंनी स्वच्छ, ठाम आवाजात वाचलं, ‘‘तुमची सगळी चिता देवावर टाका.’’

प्रार्थनागृहात एकदम शांतता पसरली. बाईंना काहीतरी चुकलं एवढं जाणवलं, पण काय ते कळेना. त्यांनी कागद डोळ्यांशी नेला, लांब धरला, पुन्हा वाचला, पुन्हा तेच. पुढच्या बाकावरच्या एका आजोबांनी कपाळावर क्रूसाची खूण केली. त्यांची पत्नी दोन महिन्यांपूर्वीच गेली होती.

मी त्या रात्री भिंगाखाली ते पान धरून बसलो. अनुस्वार होता. छपाईत काहीच चूक नव्हती. पण वरच्या ओळीत ‘प्रभू’ शब्दाचा दीर्घ ऊकार खाली उतरला होता आणि नेमका ‘चिं’वरच्या टिंबाला चिकटला होता. माझ्या डोळ्यांना दोन्ही वेगळे दिसत होते. बाईंच्या डोळ्यांना तो एकच ठिपका, वरच्या अक्षराचा. आपली लिपी शिरोरेषेच्या वरही बोलते आणि खालीही बोलते. वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार वर. उकार, ऋकार खाली. दोन ओळी एकमेकींवर आल्या की वरच्या ओळीचं खाली सांडतं आणि खालच्या ओळीचं वर चढतं. खिळ्यांच्या काळात आम्ही ओळींच्या मधे शिशाच्या पट्ट्या घालायचो ते यासाठीच. मला हे सगळं माहीत होतं. अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या पानांत मी हीच चूक पकडत आलो होतो आणि इथं कागद वाचवायला गेलो.

सकाळी बाईंकडे जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, ‘‘भाऊ, माफी राहू द्या. मला वाचता येईल असं करून आणा. मला वाचायचंय.’’

मग तीन आठवडे बाई आणि मी रोज दुपारी तासभर बसायचो. मी नमुना छापून आणायचा, त्यांनी मोठ्यानं वाचायचा, अडखळतील तिथं मी लाल खूण करायची. १८ पॉइंट, २०, २४. शेवटी २८वर त्या थांबल्या. ओळींमधली जागा अक्षराच्या जवळजवळ निम्मी. चकचकीत कागद बाद, कारण त्याच्यावर दिवा चमकतो आणि अक्षर पुसल्यासारखं होतं. पांढराशुभ्र कागदही डोळ्यांना बोचतो, जरा पिवळसर बरा. ओळ छोटी हवी, आणि ती तुटायची तर श्वास घ्यायच्या जागी तुटली पाहिजे. ‘पित्याच्या’ एका ओळीत आणि ‘नावाने’ पुढच्या ओळीत, असं झालं की वाचणारा मधेच थांबतो आणि ऐकणारे चुकतात. दोन्ही बाजूंनी सरळ कापलेला मजकूर सुबक दिसतो, पण शब्दांमधली अंतरं कमीजास्त होतात आणि थकलेली नजर त्या फटींत अडकते. डावी बाजू सरळ, उजवी मोकळी, हेच बरं. जाड ठसा चांगला वाटतो, पण ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांतल्या बारीक फटी भरून जातात. बाईंनी जाड ठशातल्या पानावर ‘धन्य’ला ‘घन्य’ वाचलं तेव्हा तो ठसा रद्द केला.

उजेडाचं मला इथं आल्यावर उमगलं. वयाबरोबर बाहुली लहान होत जाते आणि डोळ्यातलं भिंग पिवळसर, धूसर होतं. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पडतो त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीतल्या डोळ्यात पोचतो. म्हणजे आम्ही म्हातारी माणसं भर दिवसा संधिप्रकाशात वाचत असतो. मदर सुपिरिअरना हे सांगितल्यावर त्यांनी वाचनाच्या टेबलावर दिवा लावून दिला, मागून डाव्या खांद्यावरून पडेल असा.

त्या दिव्याची जोडणी केली आमच्या वायरमननं. हे गृहस्थ एक्क्याऐंशी वर्षांचे, प्रार्थनेला येत नाहीत. येणार नाही असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि सिस्टर्सनी आजवर त्यांना एकदाही विचारलेलं नाही. वहीत त्यांच्या नावापुढे आहे, ‘माईक आणि स्पीकर’. मिस्सा सुरू व्हायच्या आधी ते माईक तपासतात, प्रत्येक खोलीतल्या छोट्या स्पीकरवर आवाज येतो ना ते फिरून पाहतात, आणि मग बाहेर कॉरिडॉरमध्ये खुर्ची टाकून बसतात. एकदा प्रवचनात मधेच आवाज गेला तर धावत आत आले, वेदीच्या बाजूला गुडघे टेकून वायर नीट केली आणि तसेच बाहेर गेले. अंथरुणावरच्या चौदा माणसांच्या खोलीत मिस्सा पोचते ती या माणसामुळे. धार्मिक घर म्हटलं की सक्ती असेल अशी अनेकांना धास्ती असते. माझा अनुभव एका घराचा आहे, पण तो असा आहे.

दहा वाजताच्या व्यायामाला मी आधी कंटाळायचो. आमची फिजिओथेरपिस्ट मुलगी हुशार आहे. पासष्टीनंतर दर तीन माणसांमागे साधारण एक जण वर्षातून एकदा तरी पडतो, आणि आमच्याकडे पडण्याची ठरलेली जागा होती प्रार्थनागृह. जन्मभर गुडघे टेकून प्रार्थना केलेली माणसं. नका टेकू म्हटलं तरी टेकायची, आणि मग उठताना तोल जायचा. तिनं एक दिवस मागच्या बाकावर बसून पूर्ण मिस्सा पाहिली. कुठं उभं राहतात, कुठं बसतात, ते टिपून घेतलं आणि त्याच क्रमानं व्यायाम बसवला. पुढे सरका, पाय मागे घ्या, नाक पुढे करून झुका, उठा, तीन आकडे मोजा, सावकाश बसा. ‘‘हे शुभवर्तमानाचं उभं राहणं,’’ असं ती सांगते, ‘‘आणि हे श्रद्धेच्या घोषणेचं.’’ जी माणसं व्यायामाला चालढकल करायची ती आता वेळेवर येतात. गुडघे टेकण्याबद्दल मात्र फादरांनाच बोलावं लागलं. बसून केलेली प्रार्थना उणी नसते, असं त्यांनी सलग तीन रविवार सांगितलं. दोघी-तिघींनी अजून ऐकलेलं नाही.

असंच उपासाचं. एक मधुमेही आजी मिस्सेच्या आधी तासभर पाणीसुद्धा घेत नसत, म्हणून गोळी चुकायची आणि दोनदा त्यांना प्रार्थनागृहातच घेरी आली. ख्रिस्तप्रसादाआधी तासभर काही न खाण्यापिण्याचा नियम आहे, पण खरं तर पाणी आणि औषध या नियमानं कुणालाच वर्ज्य नाही. आणि १९८३च्या कॅनन लॉमधल्या, म्हणजे चर्चच्या कायद्यातल्या, ९१९व्या कलमात स्पष्ट म्हटलंय की वृद्ध, आजारी आणि त्यांची देखभाल करणारे यांनी त्या तासाभरात काही खाल्लं तरी त्यांना ख्रिस्तप्रसाद घेता येतो. ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या उपवासाचं बंधनही साठाव्या वर्षात पाऊल टाकलं की संपतं. फादर हे सांगत, आजी मान डोलवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी ते कलम २८ पॉइंटात छापून जेवणघराच्या दारावर लावलं. आजींनी ते सलग दोन दिवस उभं राहून वाचलं. तिसऱ्या दिवशी गोळी घेऊन आल्या. कानावर पडलेलं आणि डोळ्यांनी वाचलेलं यांत जन्मभर छापील प्रार्थनापुस्तक जपलेल्या माणसाला फरक वाटतो.

एक गोष्ट मनाला लागते, ती लिहितोच. १ ऑक्टोबर हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला ज्येष्ठांचा दिवस आणि जुलैचा चौथा रविवार पोप फ्रान्सिस यांनी २०२१पासून आजी-आजोबांसाठी नेमलेला. या दोन दिवसांना आमच्याकडे गट येतात. मोठा आवाज लावून गाणी म्हणतात, आमच्या हातात काहीतरी देतात, देतानाचे फोटो काढतात आणि तासाभरात जातात. भलेपणानंच येतात, हे मला कळतं. पण कानयंत्र लावणाऱ्याला तो आवाज कापरासारखा झोंबतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. आणि नाव विचारून, उत्तर ऐकायला थांबलेला माणूस मी त्यांत एकदाच पाहिला. कॉलेजातला मुलगा होता. तो नंतर दर शनिवारी येऊ लागला, एकटा. तासभर बसतो. वायरमनकडून सोल्डरिंग शिकतो. यायचं असेल तर असं या, एवढं माझं मागणं आहे.

शनिवारी रात्री सामुदायिक वाचन असतं. त्यासाठी मी गेल्या पावसाळ्यात जान जुगानची गोष्ट थोडी थोडी करून मोठ्या टाईपात उतरवली. आमच्या सिस्टर्स वेगळ्या संघाच्या, पण हॉलमध्ये तिचं चित्र आहे, हातात टोपली घेतलेलं. फ्रान्समधल्या कांकाल गावची ती कोळ्याची मुलगी, जन्म १७९२चा. १८३९च्या हिवाळ्यात तिनं एका आंधळ्या, अर्धांग झालेल्या म्हातारीला घरी आणलं, तिला स्वतःची खाट दिली आणि स्वतः माळ्यावर झोपायला गेली. ज्या म्हाताऱ्या आधी भीक मागून जगायच्या त्यांच्याऐवजी ती टोपली घेऊन दारोदार जाऊ लागली. तिनं सुरू केलेल्या संघाची प्रमुखपदाची जागा तिच्याकडून काढून घेतली गेली, आणि शेवटची सत्तावीस वर्षं ती अशा आडोशाला राहिली की नव्या सिस्टर्सना ती संस्थापिका आहे हेही ठाऊक नव्हतं. १८७९मध्ये ती गेली. २००९मध्ये चर्चनं तिला संत म्हणून जाहीर केलं. सत्तावीस वर्षांचा भाग वाचला त्या शनिवारी कुणी लवकर उठलं नाही. अंथरुणावरच्या त्या आजींनी दुसऱ्या दिवशी सिस्टरना विचारलं, ‘‘तिला त्या वर्षांत काय काम दिलं होतं?’’ मी शोधून ठेवलं होतं, म्हणून सांगू शकलो. ती प्रशिक्षणार्थी मुलींमध्ये राहायची, त्यांच्याबरोबर प्रार्थना करायची. आजी म्हणाल्या, ‘‘म्हणजे माझ्यासारखंच.’’

११ फेब्रुवारीला, लुर्द मातेच्या सणाला, आजाऱ्यांचा जागतिक दिवस असतो. त्या दिवशी आमच्याकडे ज्यांना हवं त्यांना एकत्र पवित्र तेल लावतात. गेल्या वर्षी निम्मी माणसं यायलाच तयार नव्हती. आमच्या लहानपणी याला अंतिम अभ्यंग म्हणायचे. फादर तेलाची कुपी घेऊन दारात आले की घरात रडारड सुरू व्हायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेनं, १९६३मध्येच म्हटलं होतं की हा फक्त मरणाच्या दारातल्यांचा संस्कार नाही, आणि १९७२मध्ये विधीही बदलला. पण भीती तशीच राहिली होती. बाईच सगळ्यांच्या आधी उठल्या, वॉकर टेकत पुढे गेल्या आणि कपाळ पुढे केलं. मग दोन्ही तळवे उघडे धरले. परत येताना माझ्या बाकाशी थांबून म्हणाल्या, ‘‘थंड असतं हो तेल. बरं वाटतं.’’ त्यांच्यामागून एकेक करत सत्तावीस जण गेले.

बाई नोव्हेंबरमध्ये गेल्या. न्यूमोनिया झाला, नऊ दिवस अंथरुणावर होत्या. आमच्या घरात शेवटच्या दिवसांत माणसाला एकटं ठेवत नाहीत. वहीत एक वेगळं पान काढतात आणि दिवसरात्रीचे तास वाटून घेतात. रात्री सिस्टर्स, दिवसा आमच्यापैकी ज्यांना बसवतं ते. माझ्याकडे दुपारचे तीन ते चार होते. वायरमननं स्वतःहून पहाटेचे पाच ते सहा मागून घेतले. तो तिथं काय करायचा ते मी विचारलं नाही. पण खोलीतल्या स्पीकरचा आवाज त्यानं अगदी हलका करून ठेवला होता, मिस्सा ऐकू येईल पण दचकायला होणार नाही इतका.

सातव्या दिवशी गुरुवार होता. बाईंचे डोळे मिटलेले होते. बोलणं दोन दिवसांपूर्वीच थांबलं होतं. मी त्यांचंच पान घेऊन बसलो, तिसऱ्या रहस्यापासून सुरुवात केली आणि मुद्दाम हळू वाचू लागलो. ‘चिंता’ या शब्दावर आलो तेव्हा त्यांचं बोट चादरीवर हललं. एकदाच, खाली टेकवल्यासारखं. तीन आठवडे आम्ही दुपारी बसायचो तेव्हा त्या प्रत्येक अनुस्वारावर असंच बोट टेकवायच्या. मला तसंच वाटलं. मी शब्द पुन्हा वाचला. बोट हललं नाही.

त्या गेल्यावर आठवड्यानं सिस्टर वही घेऊन आल्या. बाईंच्या नावावर त्यांनी काट मारलेली नव्हती. गेलेल्यांची नावं त्या खोडत नाहीत, पुढे छोटा क्रूस काढतात आणि काम खाली नव्या ओळीवर घेतात. ‘गुरुवारचं वाचन’ त्यांनी खाली लिहिलं आणि पुढची जागा रिकामी ठेवली. महिनाभर रिकामीच होती. सिस्टर स्वतः वाचायच्या.

नाताळानंतर एक नवे गृहस्थ आले आहेत. बँकेत होते. मधुमेहानं नजर अधू झालीये, मधोमध धूसर दिसतं, कडांनी दिसतं. शेवटच्या बाकावर बसतात. नवव्या दिवशी सिस्टर त्यांच्या टेबलाशी गेल्या तेव्हा मी मुद्दाम तिकडे बघितलं नाही. संध्याकाळी ते माझ्या दारात उभे होते. ‘‘तुम्ही अक्षरं मोठी करून देता म्हणे. किती मोठी होतात?’’

आम्ही कालपासून बसतोय. २८ त्यांना पुरत नाही. ३६वर एक ओळ लागली, पण कागद थोडा उजवीकडे, तिरका धरावा लागतो. म्हणून मी त्यांच्यासाठी लाकडी स्टँड करायला सांगितलाय, तो शनिवारचा मुलगा करणार आहे.

२ फेब्रुवारी जवळ आलाय, मेणबत्त्यांचा सण. त्या दिवशी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातलं मंदिराचं वाचन असतं. बाळ येशूला हातात घेणारा शिमोन आणि चौऱ्याऐंशी वर्षांची हन्ना, मंदिर सोडून कुठंच न जाणारी. हन्नेच्या ओळी अंथरुणावरच्या आजींना पाठ येतात, त्या खोलीतल्या माईकवरून म्हणणार आहेत. वायरमननं वायर ओढून ठेवलीये. शिमोनाच्या ओळी नव्या गृहस्थांना दिल्यात. ३६ पॉइंटात एका पानावर जेमतेम सहा ओळी बसतात. ‘शांतीने’ हा शब्द पहिल्या पानाच्या अगदी तळाशी येत होता. पान उलटताना त्यांचा श्वास तिथं तुटला असता, म्हणून तो दुसऱ्या पानाच्या सुरुवातीला घेतला. वरची ओळच राहिली नाही, तेव्हा अनुस्वाराच्या भोवती भरपूर मोकळी जागा आहे. तरी भिंग लावून एकदा पाहून घेतला.